पाणी निम्मं झालं की मागे

॥ श्री ॥

आजचं चिंतन : कठोपनिषद, अध्याय १, वल्ली २, मंत्र २



पहिली वल्ली काल संपली. आज दुसऱ्या वल्लीतला दुसरा मंत्र. सकाळच्या मीटिंगच्या आधी पंधरा मिनिटं मिळतात तेवढ्यात एक मंत्र वाचायचा, हा आपला नेम. पण या एका मंत्रावर मी तीन दिवस अडकून पडलो होतो, म्हणून आजचं लिखाण नेहमीपेक्षा लांब झालंय. सांभाळून घ्या.

भावार्थ असा. श्रेय आणि प्रेय, म्हणजे हिताचं आणि आवडीचं, ही दोन्ही माणसाकडे चालून येतात. जो धीर आहे तो त्या दोघांभोवती फिरून, सगळ्या बाजूंनी पाहून त्यांना वेगळं करतो आणि श्रेय निवडतो. जो मंद आहे तो योगक्षेमापायी प्रेय निवडतो.

तीन शब्दांपाशी थोडं थांबू. पहिला ‘धीर’. आपण मराठीत धीर देतो, धीर सोडतो. इथे अर्थ आहे विवेकी, बुद्धी स्थिर असलेला. दुसरा ‘योगक्षेम’. एलआयसीच्या बोधवाक्यामुळे हा शब्द आपल्याला घरचा वाटतो. जे नाही ते मिळवणं हा योग आणि जे आहे ते राखणं हा क्षेम. गीतेत भगवंत भक्ताचा योगक्षेम स्वतः वाहतात, तिथे शब्द गोड लागतो. इथे मात्र यमधर्म तोच शब्द मंद माणसाच्या खात्यात टाकतो. तिसरा ‘संपरीत्य’, म्हणजे भोवती फिरून. शंकराचार्य भाष्यात इथे हंसाची उपमा देतात, पाण्यातून दूध वेगळं करणाऱ्या हंसाची. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच भांड्यात मिसळलेल्या येतात. कुठल्यावर काय लिहिलंय अशी चिठ्ठी चिकटवलेली नसते.

इथपर्यंत कुणाचं दुमत नसावं. माझं अडलं ते पुढच्या प्रश्नावर. मंत्र सांगतो की स्वतःसाठी श्रेय निवड. पण दुसऱ्यासाठी? मित्रासाठी, बायकोसाठी, म्हाताऱ्या वडिलांसाठी श्रेय निवडायचा अधिकार मला आहे का? त्यांना जे आवडतंय ते मी नाकारलं, तर तो विवेक की दादागिरी? आणि नाही नाकारलं, तर ते प्रेम की नुसती भीड?

आधी हे बघा की हा सगळा संवाद यजमान आणि पाहुणा यांच्यातला आहे. नचिकेता यमाच्या घरी पोचतो तेव्हा यम घरी नाही. पोरगा तीन रात्री उपाशी थांबतो. यम परत आल्यावर खजील होतो, कारण दारी आलेला पाहुणा उपाशी राहणं हा यजमानाला दोष. त्याची भरपाई म्हणून तीन वर. तिसऱ्या वरात नचिकेता विचारतो, माणूस मेल्यावर उरतो की उरत नाही? यम टाळाटाळ करतो. शंभर वर्षं जगणारी मुलं-नातवंडं घे, हत्ती-घोडे घे, सोनं घे, हवं तितकं आयुष्य घे, रथांतून येणाऱ्या अप्सरा घे, एवढं मात्र विचारू नको. थोडक्यात, इथे यजमान प्रेयाचं ताट वाढून वर आग्रह करतोय, आणि पाहुणा म्हणतोय, नको, हे सगळं उद्यापर्यंतचं आहे.

आपल्याकडे व्यवहार बरोबर याच्या उलट चालतो. पाहुण्याला जे आवडेल ते द्यायचं, आणखी एक पोळी वाढायची, नको म्हणाला तरी वाढायची. आग्रह हा मराठी यजमानाचा धर्म आणि संकोच हा मराठी पाहुण्याचा. या दोघांच्या मध्ये खरं बोलायला फारशी जागा उरत नाही. पंगतीत त्याने फार तर अपचन होईल. सगळीकडे तसं नसतं.

मार्चच्या मध्यात माझ्याकडे पाहुणे आले होते. माझा कॉलेजातला रूममेट आणि वहिनी पुण्याहून, आणि आमच्याच बॅचचा आणखी एक मित्र सिअ‍ॅटलहून. मी फीनिक्सला असतो. इथे येणाऱ्याला मी एकदा तरी सुपरस्टिशन माउंटन्समध्ये घेऊन जातोच, कारण वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या आणि उंट येतात, आणि सोनोरन वाळवंट तसं अजिबात नाही. हे काट्यांचं रान आहे. हिरव्या सालीची पालोवेर्देची झाडं, चाबकासारख्या फांद्यांचा ओकोटियो, आणि सगळ्यांच्या वर उभे असलेले सवारो. हा उंच निवडुंग दीडशे वर्षांहून जास्त जगतो, आणि त्याला पहिला हात फुटायलाच बहुधा पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. त्याच्या अंगाला पंख्यासारख्या घड्या असतात. पाऊस पडला की त्या उलगडतात, पाणी साठतं, आणि कोरड्या महिन्यांत पुन्हा मिटत जातात. हिवाळ्यात पाऊस बरा झाला असेल तर मार्चमध्ये याच उतारांवर पिवळी-नारिंगी पॉपी आणि जांभळे ल्युपिन फुलतात. यंदा फुललं होतं. वहिनी तर गाडीतून उतरल्या उतरल्या फोटोच काढत सुटल्या.

आम्ही जाणार होतो पेराल्टा ट्रेलने फ्रीमाँट सॅडल नावाच्या खिंडीपर्यंत. एका बाजूने जेमतेम चार किलोमीटर, चढ साधारण चारशे मीटर. रूममेट म्हणाला, “हे तर सिंहगडापेक्षा सोपं.” आकड्यांनी बरोबर आहे. पण सिंहगडाच्या वाटेवर ताक आणि लिंबू सरबत घेऊन बसलेल्या मावश्या असतात. इथे वाटेत प्यायचं पाणी कुठेच नाही. निवडुंग कापून पाणी प्यायचं ही सिनेमातली गोष्ट. इथल्या बॅरल कॅक्टसचा रस प्यायलात तर उलट्या-जुलाबांनी होतं ते पाणीही जाईल. आणि हवा इतकी कोरडी की घाम येतो तसा उडून जातो. शर्ट कोरडाच राहतो, त्यामुळे आपल्या अंगातून पाणी जातंय हे कळतच नाही.

या डोंगरांची एक कथा आहे, ती वाटेत मी सांगितली. जेकब वॉल्ट्झ नावाचा एक जर्मन माणूस १८९१ साली फीनिक्समध्ये वारला. त्याची सोन्याची खाण याच डोंगरांत आहे, अशी बोलवा झाली. लोक अजून शोधतात. १९३१ च्या उन्हाळ्यात अडॉल्फ रुथ नावाचे एक वयस्क गृहस्थ नकाशे घेऊन आत गेले. त्याच वर्षाच्या शेवटी त्यांची कवटी सापडली. २०१० च्या जुलैमध्ये यूटाहून आलेले तिघे त्याच शोधात गेले आणि परतलेच नाहीत. पुढच्या जानेवारीत अवशेष सापडले. यमाने नचिकेत्यापुढे ठेवलेल्या यादीत सोनं होतं, ते आठवलं. खाण खरी की खोटी हे आजतागायत कुणाला माहीत नाही. ओढ मात्र खरी आहे.

निघण्याआधी गाडीच्या डिकीपाशी आम्ही पाणी मोजलं. माणशी तीन लिटर, चौघांचं बारा. इथे सगळे जुने लोक शिकवतात तो नियम मी सांगितला, की पाणी निम्मं झालं की जिथे असू तिथून मागे फिरायचं. “सहा लिटर राहिले की परत. चालेल?” तिघेही चालेल म्हणाले. सिअ‍ॅटलवाला हसला. “काय रे, एसएलए वर सही करून घेतोस काय!”

आदल्या रात्री विमानं उशिरा आल्यामुळे निघायला साडेदहा वाजले होते. पारा एकतीसपर्यंत जाणार होता. निम्म्या वाटेवर वरून एक जोडपं उतरताना भेटलं, बापाच्या खांद्यावर चार-पाच वर्षांची मुलगी, चेहरा लालबुंद, हातात रिकामी बाटली. बोलणं फारसं झालंच नाही. वहिनींनी आपल्या सॅकमधून लिटरची भरलेली बाटली काढून त्या बाईच्या हातात दिली, मुलीच्या गालाला हात लावला आणि चालू लागल्या.

नचिकेत्याची कथा सुरू होते ती दानावरूनच. त्याचा बाप यज्ञात गायी दान देतो, पण कसल्या? ज्यांचं पाणी पिऊन झालंय, गवत खाऊन झालंय, दूध देऊन झालंय. म्हणजे ज्यांचा त्याला स्वतःला उपयोग उरलेला नाही अशा. ते पोराला खुपतं आणि सगळं उपनिषद तिथून उलगडतं. वहिनींची बाटली अगदी याच्या विरुद्ध टोकाची. स्वतःला लागणारं पाणी, आणि तेही वाळवंटात.

पुढे एका कड्याच्या सावलीत बसलो तेव्हा मी पुन्हा बाटल्या मोजल्या. “आला मॉनिटरिंगवाला,” रूममेट म्हणाला. उरले होते सहा. खिंड अजून अर्ध्या तासावर. त्या खिंडीत पाऊल टाकलं की समोर एकदम वीव्हर्स नीडल दिसतो, काळाकभिन्न सुळका, सरळ आभाळात गेलेला. खिंडीच्या अलीकडून या वाटेवर तो दिसत नाही. सिअ‍ॅटलवाला मित्र खास त्याच्यासाठी आला होता.

मी म्हटलं, “सहा झाले. फिरूया.”

तो म्हणाला, “अरे, येताना उतार आहे. उताराला पाणी निम्मंसुद्धा लागत नाही. निम्म्याचा नियम सपाट वाटेसाठी असेल.”

मी काही बोलायच्या आत पुढचं, “आणि एक लिटर आपण प्यायलोच नाही, दिलाय. हिशेब पिण्याचा धर ना.”

आणि मग हळू आवाजात, “मी परत कधी येणार इथे, सांग.”

मंडळी, पहिला मुद्दा चुकीचा नव्हता. उतरताना पाणी कमी लागतं. तो माझ्यापेक्षा हुशार इंजिनियर आहे, कॉलेजातही होता. तिसऱ्या मुद्द्याला तर उत्तरच नाही. पण मोजताना मला आणखी एक आकडा दिसला होता. आम्ही तिघे प्रत्येकी दीड लिटर प्यायलो होतो. वहिनी अर्धा.

“वहिनी, तुम्ही पाणीच प्यायला नाहीत.”

“पुरवून पितेय. एक बाटली दिली ना, मग तुम्हाला कमी पडायला नको.”

“डोकं दुखतंय का?”

“थोडंसं. पण तुम्ही जाऊन या ना, मी इथे सावलीत बसते. माझ्यासाठी कशाला थांबताय?”

आम्ही फिरलो. वहिनींना तिथेच बसवून पोटभर पाणी पाजलं, थोडे खारे शेंगदाणे दिले, वीस मिनिटं थांबलो आणि उतरलो. गाडीपाशी पोचलो तेव्हा सगळे ठीक होते आणि दोन लिटर पाणी शिल्लक होतं. सिअ‍ॅटलवाला उतरताना फारसा बोलला नाही. डिकी बंद करताना म्हणाला, “अर्धाच तास राहिला होता रे.” वीव्हर्स नीडल त्याने अजून पाहिलेला नाही.

घडलं ते एवढंच. संकट आलं नाही, हेलिकॉप्टर आलं नाही. पुढे गेलो असतो तर कदाचित काहीही झालं नसतं, आणि आज आमच्याकडे चौघांचा छान फोटो असता. म्हणूनच हा प्रसंग मला मंत्राशेजारी ठेवून पाहण्यासारखा वाटतो. प्रेयाचा पुरावा लगेच हातात येतो, फोटोच्या रूपाने. श्रेयाचा बहुतेक वेळा येतच नाही. आमच्या कामातही तेच. जी सिस्टीम रात्री पडली नाही तिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही, कारण ती पडणार होती हे कुणाला दाखवताच येत नाही. श्रेय निवडणाऱ्याने ही तयारी ठेवायची, की आपण बरोबर होतो हे कधीच सिद्ध होणार नाही, आणि समोरचा नाराज राहील.

आता मूळ प्रश्न. मला अधिकार काय होता?

एक उत्तर असं देता येईल की यजमान मी, वाळवंटाची माहिती मला, म्हणून निर्णय माझा. हे उत्तर मला पटत नाही. “मला कळतं, तुला कळत नाही” या पायावर जगात बराच जुलूम झाला आहे, आणि घराघरांत रोज होतो. कठोपनिषद तर याच्या पूर्ण विरोधात जातं. यमापेक्षा जास्त कळणारा कोण? तरी तो नचिकेत्यावर श्रेय लादत नाही. दोन्ही ताटं समोर मांडतो, प्रेयाचं ताट तर जरा जास्तच सजवून मांडतो, आणि थांबतो. निवड पोराची.

दुसरं टोक म्हणजे “ज्याची त्याची मर्जी”. हे ऐकायला उदार वाटतं. पण त्या कड्याखाली चौघांची मर्जी वेगवेगळी असली तरी पाणी एकच होतं. एकाने पुढे जायचं ठरवलं की उरलेल्या तिघांचं पाणी, वेळ आणि काळजी त्याच्याबरोबर गेली. नचिकेता यमाच्या दारी एकटा गेला होता. आपण बहुतेक वेळा एकटे नसतो.

इथली दोन उदाहरणं मला विचार करायला उपयोगी पडतात. फीनिक्स शहर २०२१ पासून अति-उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी कॅमलबॅकसारख्या टेकड्यांच्या वाटा तापत्या तासांत बंद ठेवतं. लोक कुरकुरतात, की माझा जीव, मी बघेन. पण तुम्ही वर कोसळलात की त्याच उन्हात तुम्हाला उचलायला दुसरी माणसं चढतात. तिथे प्रश्न फक्त तुमच्या जिवाचा राहत नाही. दुसरं उदाहरण ग्रँड कॅन्यनचं. १९९६ चा उन्हाळा तिथे फार वाईट गेला, तेव्हा १९९७ पासून तिथले रेंजर आणि स्वयंसेवक वाटेच्या तोंडाशी उभं राहून लोकांना गाठू लागले. ते बहुधा कुणाला अडवत नाहीत. विचारतात, कुठवर जाणार? पाणी किती? खायला काय? वर यायला किती वेळ लागेल असं वाटतं? उत्तरं देता देता माणूस स्वतःच आपला बेत बदलतो. मला यात यमाची पद्धत दिसते. ताट समोर मांडायचं, पण पूर्ण मांडायचं. परत चढून यावं लागणार आहे, हेही त्याच ताटात ठेवायचं.

आणि हे सगळं कुठे घडतं? वाटेच्या तोंडाशी. खाली, घशाला कोरड पडल्यावर नाही.

माझ्या मते गाठ इथे सुटते. कड्याच्या सावलीत बसून श्रेय-प्रेयाचा वाद घालायला आम्ही चौघेही लायक नव्हतो. एकाला सुळका दिसायला अर्धा तास उरला होता, एकीचं डोकं दुखत होतं, एकाला बायको आणि मित्र यांच्यामध्ये पडायचं नव्हतं, आणि मला पाहुणे नाराज व्हायला नको होते. बुद्धी सगळ्यांकडे होती, पण ती ज्याच्या त्याच्या ओढीची वकिली करत होती. “उताराला पाणी कमी लागतं” हे विधान खरं होतं, तरी ते त्या क्षणी सुचलं ते खरं आहे म्हणून सुचलं नाही. डिकीपाशी उभे होतो तेव्हा कुणालाच तहान नव्हती, सुळकाही जवळ आलेला नव्हता. तिथे आम्ही मंत्रातला तो ‘भोवती फिरून पाहणारा’ माणूस होतो, निदान पाच मिनिटं. वर मी माझं मत कुणावर लादलं नाही. आम्हीच खाली मिळून ठरवलेलं होतं ते वर आठवून दिलं. आमच्याकडे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवताना रोलबॅकची अट आधी लिहून ठेवतात, अमुक इतक्या चुका दिसल्या की मागे. रात्री दोन वाजता, सगळे दमलेले असताना, “अजून दहा मिनिटं बघूया का” हा प्रश्न कुणाला विचारावाच लागू नये म्हणून.

पण आधी ठरवण्याचा खरा फायदा मला कळला तो वहिनींमुळे. नियम नसता तर त्या सावलीत काय झालं असतं? जो जास्त बोलतो, जास्त मुद्देसूद बोलतो, त्याचं चाललं असतं. आणि ज्या माणसाला परत फिरण्याची सर्वांत जास्त गरज होती तो बोललाच नसता, उलट “तुम्ही जाऊन या” म्हणाला असता. भीड भिकेची बहीण म्हणतात. तसाच आपल्या बायकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संकोच, की माझ्यामुळे कुणाचं अडायला नको. त्या संकोचालाही आपण गुण म्हणतो आणि त्यावर आपल्या सहली, आपले सण, आपले संसार सुखाने चालवतो. बाटल्या मोजल्या म्हणून त्यांचा अर्धा लिटर दिसला. नियम होता म्हणून फिरण्याचं कारण त्यांच्यावर आलं नाही. “वहिनींमुळे फिरलो” असं कुणालाच म्हणता आलं नाही, कारण आम्ही सहा लिटरमुळे फिरलो होतो. आधी ठरवलेला नियम हा गटातल्या सर्वांत गप्प माणसाच्या वतीने बोलतो.

एक शंका माझ्या मनात उरते, ती लपवत नाही. मागे फिरणं हेच माझं प्रेय नव्हतं का? काही झालं असतं तर बोट यजमानाकडे आलं असतं. त्यापासून सुटका, म्हणजे माझा क्षेम. यमधर्माने योगक्षेम हा शब्द वापरलाय तो याचसाठी असावा. योगाची ओढ, म्हणजे सोनं, सुळका, फोटो, चटकन ओळखता येते. क्षेमाची ओढ विवेकाचे कपडे घालून येते. भित्रा माणूस स्वतःला धीर समजू शकतो. आयुष्यभर कुठल्याच खिंडीपर्यंत न पोचलेली माणसंही “मी श्रेय निवडलं” असं सांगत असतात.

यावर मला सुचलेली कसोटी साधी आहे. नियम दोन्ही बाजूंना कापतो का? त्या सावलीत सहाऐवजी साडेसात लिटर असते, सगळे नीट पाणी पीत असते आणि फक्त माझ्याच पोटात गोळा आला असता, तर मला पुढे जावं लागलं असतं. जो नियम मला हवं तेव्हाच आठवतो तो माझ्या भीतीचा नोकर. जो माझ्या भीतीलाही गप्प बसवतो तो विवेक. आणि नियमाने आकड्यावर थांबू नये, माणसांकडेही बघावं. सात लिटर असते आणि वहिनींचं डोकं तसंच दुखत असतं, तरी मी फिरूया म्हटलं असतं. भोवती फिरून पाहणं म्हणजे हेच असावं, आधी ठरवलेलं पाळायचं आणि डोळेही उघडे ठेवायचे.

हे सगळं मी आत्ता का लिहितोय? पुण्यात माझे बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि अजून स्कूटर चालवतात. मंडईत जातात, पेन्शनच्या कामाला बँकेत जातात, मित्रांकडे जातात. स्कूटर हे त्यांचं प्रेय आहे, असं मी पटकन म्हणून टाकीन. पण भोवती फिरून पाहिलं तर त्यात त्यांचं श्रेयही मिसळलेलं आहे. कुणाच्या तोंडाकडे न बघता हवं तिथे जाता येणं, याला मी कुठल्या तोंडाने नुसती आवड म्हणू? आणि आई मागच्या सीटवर बसते. तिला भीती वाटते की नाही हे तिने कधी सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणते, “त्यांना आवडतं ना.”

सात समुद्रांपलीकडून फोनवर “आता स्कूटर बंद” म्हणायचा मला अधिकार नाही. “त्यांची मर्जी” म्हणून फोन ठेवायलाही मन तयार नाही. रविवारच्या फोनवर मी एवढंच विचारणार आहे, “बाबा, कुठली खूण दिसली की स्कूटर ठेवायची, ते तुम्हीच ठरवा. आत्ता, सगळं छान चाललंय तेव्हाच.” डोळ्यांच्या डॉक्टरांचं एखादं वाक्य असेल, रात्रीचं चालवणं असेल, दुसऱ्यांदा घसरणं असेल. आकडा त्यांचा, सही त्यांची. आणि ते ठरवताना आई शेजारी बसलेली हवी, आणि आधी तिला विचारायचं, मग त्यांना. ते चिडतील का, माहीत नाही. चिडलेही तरी निदान प्रश्न वेळेवर विचारलेला असेल.

तुमच्या घरातही असं एखादं पाणी असेल, जे सगळ्यांचं मिळून आहे आणि हळूहळू निम्म्याकडे चाललंय. कर्ज असेल, कुणाची तब्येत असेल, कुणाची नोकरी असेल. आज एवढंच करून पाहा. निम्मं म्हणजे किती, हे तहान लागण्याआधी ठरवा, आणि ठरवताना घरात सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाला पहिल्यांदा बोलू द्या.

उद्या मंत्र तिसरा. यमधर्म नचिकेत्याचं कौतुक करतो, की ज्या धनाच्या मार्गावर पुष्कळ माणसं बुडतात तो तू घेतला नाहीस.

॥ ॐ तत् सत् ॥